बानाबाईच्या ओळीतल्या कळ्या

"मेघा, बानाबाईच्या ओळीत मधल्या कळ्या तशाच राहायल्यात. तिच्या डोळ्याचं जरा बघ बरं."

सासूबाईंनी मला हे दिवाळीच्या आधी सांगितलं होतं. मी तेव्हा पलंगावर बसून मोबाईलवर पाच महिन्यांच्या बाळाच्या वजनाचा तक्ता बघत होते. "आई, बारा वर्षं ती हेच काम करतेय. तिला कळत नाही का?" एवढं बोलून मी परत तक्त्यात शिरले. आमचा सम्यक त्यातल्या रेषेच्या किंचित खाली होता, आणि त्या दिवसांत मला त्या रेषेपलीकडचं काही दिसत नव्हतं.

सासूबाई एक गोष्ट दोनदा सांगत नाहीत. "बरं," म्हणाल्या आणि शेळीला पाला टाकायला गेल्या.

आधी आमच्या मिरचीचं सांगते, नाहीतर एका कळीचं काय एवढं, असं वाटेल. आमचं घर वाळूजच्या पुढं, गावाच्या कडेला. नवरा, राजेंद्र, वाळूजच्या एका कंपनीत पाळीवर जातो. घरामागं वीस गुंठ्यांवर हिरव्या जाळीचं शेडनेट आहे आणि त्यात ढोबळी मिरची. मी शहरात, उस्मानपुऱ्यात वाढलेली, वनस्पतीशास्त्रात बी.एस्सी. झालेली, त्यामुळं लग्न झाल्यावर शेडनेटचं बघणं माझ्याकडं आलं. ढोबळी मिरचीचं रोप गुडघ्याच्या खाली असतानाच दोन फांद्यांत फाटतं, आणि नेमकं त्या बेचक्यात पहिली कळी येते. दिसायला इतकी गोजिरी की नवख्याला वाटतं, आलंच पीक. ती काढून टाकायची. ठेवली तर झाड सगळा जीव त्या एका फळात ओततं, वर वाढत नाही, आणि फळही बेचक्यात अडकून चेपलेलं निघतं. कळी काढली की दोन्ही फांद्या जोमानं वर जातात. पुढं प्रत्येक फांदीला परत फाटा फुटतो. त्यातला जाड ठेवायचा, बारीक खुडायचा, आणि ठेवलेल्या फांदीला वरच्या तारेवरून सोडलेल्या दोरीचा पीळ द्यायचा. आठ-दहा दिवसांनी परत तेच.

हे काम केसरबाईची टोळी करते. नऊ बाया आहेत. आज आमच्या शेडनेटमध्ये, उद्या दुसऱ्याच्या, फिरत फिरत परत आमच्याकडं. बानाबाई त्या टोळीतली सगळ्यांत जुनी. गावाच्या उत्तरेला टेकाडाच्या पायथ्याशी धनगरांची दहा-बारा घरं आहेत, तिथली. नवरा होता तोवर मेंढरांमागं फिरली, तो गेल्यावर मेंढरं मुलाच्या, हनुमानच्या हवाली केली आणि हिनं टोळी धरली. कोणती फांदी जाड आणि कोणती बारीक हे ती चिमटीत धरून सांगायची. नवीन बाई अडखळली की केसरबाई म्हणायची, "बानाला इचार. ती झोपेत बी बरोबर खुडती."

शेडनेटच्या दारावर मी पाटी लावली होती, की तंबाखू-मिश्री आत न्यायची नाही आणि हात साबणानं धुवायचे. तंबाखूच्या हातानं मिरचीला रोग लागू शकतो, हे मी कॉलेजात शिकलेलं. बानाबाईला वाचता येत नाही, पण पाटीचा राग तिला बरोबर आला होता. मिश्रीची डबी दाराजवळच्या दगडावर ठेवताना ती दर वेळी मोठ्यानं म्हणायची, "ठिवली गं माय. जाताना वजन करून दे."

आणि रोज सकाळी सम्यकला अंघोळही तीच घालायची. आम्ही बोलावलं नव्हतं. मी बाळंत होऊन दवाखान्यातून घरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दारात उभी. "आण त्याला इकडं. तू असा धरायलीस की पानी बी भिईल." पाटावर पाय पसरून बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत वर, पोटऱ्यांवर सम्यक पालथा. तो तिच्या हातात कधी रडला नाही. माझ्या हातात रोज रडायचा.

तर दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. टोळी आमच्याकडं होती. सम्यक माझ्या खांद्यावर झोपला होता आणि ठिबकच्या एका नळीतून पाणी गळतंय का, ते बघायला मी आत गेले. ओल होती म्हणून चपला दाराशीच काढल्या. गळती पश्चिमेच्या कडेला होती. तिथं जाळी दुहेरी आहे, उजेड कमी पडतो, आणि त्या कडेच्या दोन ओळी बानाबाई नेहमी मागून घ्यायची. "तिकडं ऊन लागत नाय," म्हणायची. थंडीच्या दिवसांत कसलं ऊन, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मी खाली वाकले आणि तशीच राहिले. दर तिसऱ्या-चौथ्या झाडाच्या बेचक्यात एक फळ बसलेलं, चपटं, कडेनं चिरलेलं. ती झाडं शेजारच्या ओळीपेक्षा वीतभर बुटकी. एका ठिकाणी तर या झाडाची दोरी त्या झाडाच्या फांदीला गुंडाळलेली, आणि वाढता वाढता दोन्ही झाडं एकमेकांना ओढून तिरपी झालेली. वरच्या फाट्यांची खुडणी मात्र चोख होती. जाड फांदी ठेवलेली, बारीक काढलेली, एकही चूक नाही. मी दोन-तीनदा खालीवर बघितलं तेव्हा कुठं लक्षात आलं. फांदीची जाडी बोटाला कळते. मधली कळी बोटाला कळत नाही. कोवळी असताना ती जोंधळ्याच्या दाण्याएवढी असते, पानाहून मऊ, आणि बानाबाईच्या बोटांना बारा वर्षांचे घट्टे. ती कळी बघूनच काढावी लागते.

मी उभी राहिले. बानाबाई ओळीच्या पलीकडं होती, माझ्यापासून चार हातांवर, तोंड माझ्याकडं. तिनं मान वर केली, माझ्याकडं सरळ बघितलं आणि म्हणाली, "केसर, तो दोरीचा गुंडा दे गं. आन् मेघीला बोलू नको, पर हितली झाडं बुटकी राहायलीत. खत कमी पडलं असंल."

तिच्या बुबुळांत भाताच्या पेजेसारखं पांढुरकं काहीतरी होतं. रोज सकाळी हा चेहरा माझ्या घरात यायचा आणि मी त्याच्याकडं कधी बघितलंच नव्हतं. मी बघायचे ते तिच्या हातातल्या पोराकडं.

मी गुंडा तिच्या हातात दिला आणि बाहेर आले.

खोटं कशाला लिहू. माझ्या मनात पहिला विचार तिचा आला नाही. मला आठवलं ते उकळतं पाणी. रोज सकाळी बंबातून कढत पाणी बादलीत काढणार ती, विसाण घालणार ती, आणि त्या पाण्याशेजारी माझं पोर.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली. पाट मांडला, बसली, पाय पसरले, हात पुढं केले.

"आज मी घालते अंघोळ, मावशी."

"कामून? कणकण हाय का त्याला?"

"नाही."

"मग?" हात तसेच पुढं. "माझं काय चुकलं का?"

"मावशी, काल शेडनेटमध्ये तुमच्यापुढं मी उभी होते. केसरबाई नव्हती."

तिनं हात हळूच मांडीवर घेतले. मग लुगडं खाली केलं.

"पानी मी कोपर घालून बगती आधी. सहा महिन्यांत एकदा बी भाजलं का त्याला?"

"नाही."

"एकदा बी निसटला का हातातनं?"

"नाही, मावशी. पण मला भीती वाटते."

"वाटंल की. आई हाईस." ती उठली. दाराची चौकट हातानं चाचपली, हेही मी पहिल्यांदाच बघितलं. "केसरला तेवढं सांगू नको. टोळीतनं काढील मला. एवढं कर."

ती गेली. सासूबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. शेंगांवरची नजर न काढता म्हणाल्या, "तिचं बघ म्हनलं होतं मी. तिला हाकलून दे म्हनलं नव्हतं."

मी सम्यकला अंघोळ घातली. पाणी भाजेल म्हणून इतकं विसाण घातलं की ते गारच झालं. तो निळानिळा होईस्तोवर रडला.

चार दिवस बानाबाई अंघोळ घालायला आली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी पोराला सासूबाईंजवळ ठेवलं आणि टेकाडाकडं गेले. घर म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं चुलीचा आडोसा. ती चुलीपुढं बसली होती, धूर डोळ्यांत जात होता आणि ती डोळे मिटतही नव्हती.

"ये मेघे. चपला वाजल्या तवाच कळलं."

मी शेजारी बसले. "किती दिवसांपासून आहे हे?"

"गेल्या उन्हाळ्यापासनं. आधी वाटलं धूर हाय. मी चुलीला शिव्या द्यायची." ती हसली. "आता ह्या डोळ्यानं निस्ता उजेड कळतो. त्या डोळ्यानं म्होरं कायतरी उभं हाय एवढं कळतं. मानूस हाय का खांब, ते बोलल्यावर समजतं. त्या दिवशी तू खांबावानी उभी राहिलीस, मी काय करू?"

"मोतीबिंदू असणार मावशी. ऑपरेशन केलं की दिसेल. अर्ध्या तासाचं काम आहे."

"अर्ध्या तासाचं मला म्हाईत हाय. त्याच्या पुढचा महिना सांग." तिनं लाकूड आत सरकवलं. "टोळीतल्या आवडाबाईचं झालं तवा मी रोज जायची तिच्याकडं. महिनाभर वाकायचं नाय, धुरात बसायचं नाय, डोळ्यात घाम जाऊ द्यायचा नाय. वाकायचं नाय तर खुडायचं कसं? झाड काय माझ्यासाठी उंच होनार हाय व्हय? आन् आवडाबाईची जागा गेली ती गेलीच. आता दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं तिला, आन् घरी बसून रस्ता बगती."

टोळीचा रिवाज मला तेव्हा तिच्याकडून कळला. जी बाई येऊ शकत नाही, तिनं आपल्या घरची बाई बदली द्यायची. लेक, सून, जाऊ, कोणीही. मग कितीही दिवस लागोत, तिची जागा तिचीच राहते. बदली नसेल तर तिसऱ्या दिवशी नवीन बाई घेतात, कारण आठ जणींवर नवव्या बाईच्या ओळी पडतात. बानाबाईला लेक नाही. सून आणि हनुमान दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेले होते, ते येणार पावसाळ्याच्या तोंडावर.

"मी येते बदली," मी म्हटलं.

बानाबाई एवढी हसली की तिला ठसका लागला. "तू? तुला जाड-बारीक कळतं का?"

"बी.एस्सी. झालेय मी."

"मंग तर नायच कळनार."

पण हसता हसता ती थांबली. चुलीतल्या जाळाकडं तोंड करून बसली. मग म्हणाली, "केसरला तूच सांग. माझ्या तोंडानं नाय निघायचं ते."

पुढच्या खेपेला टोळी आमच्याकडं आली तेव्हा मी केसरबाईला ओसरीवर बोलावलं. केसरबाई म्हणजे उंच, हाडापेराची बाई, कपाळावर घाम नसला तरी पदरानं पुसायची सवय. मी कसंबसं सुरू केलं, की बानामावशीला दिसत नाही, आणि...

"ते तू मला सांगायलीस?" ती म्हणाली. "दोन महिने झाले, माझी ओळ संपली की तिच्या मागनं मी फिरती. जमतील तेवढ्या कळ्या काढती. आता माझ्यानं बी होईना. तिला कसं बोलू? मला खुडायला शिकवलं तिनं."

मी बदलीचं सांगितलं. केसरबाईनं मला वरून खाली बघितलं.

"बदली घरची लागती. तू तिच्या घरची कशी? ती धनगराची. तुमी..." टोळीतल्या दोघी दारापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

सासूबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तो केसरबाईपुढं धरला आणि म्हणाल्या, "सहा महिने झाले, आमचं पोरगं तिच्या पायावर न्हातंय. घरचं व्हायला आनखी काय लागतं, ते तरी सांग."

केसरबाईनं तांब्या घेतला. पाणी प्याली. कपाळ पुसलं. "लागत नाय काय. पर सकाळी सात म्हंजे सात. मालकीन-बिलकीन चालनार नाय. उशीर झाला तर शिव्या देनार."

शहरात छावणीच्या पुढं डोळ्यांचा एक दवाखाना आहे, तिथं राजेंद्रनं दोन सुट्ट्या टाकून आम्हाला नेलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू निघाला. आधी उजवा करायचा, डावा दोन-तीन महिन्यांनी. साखर, रक्तदाब, सगळं तपासून झालं. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगत होते. बानाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डोळा काढून धुता का जाग्यावरच?" "जागेवरच, आजी." "मंग ठीक हाय. काढला आन् दुसरीचाच बसवला तर काय घ्या." त्या खोलीतल्या नर्सला हसू आवरेना. मी मात्र ऑपरेशनच्या खोलीबाहेर दर मिनिटाला घड्याळ बघत बसले होते. इतके दिवस मी फक्त एका जिवासाठी अशी बसायचे.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. बानाबाई थोडा वेळ भिंतीकडं बघत राहिली. मग माझ्याकडं, मग माझ्या मांडीवरच्या सम्यककडं.

"हा सम्या?"

"हो, मावशी."

"मला वाटलं गोरा हाय. हा तर बापावर गेला." राजेंद्र तिथंच उभा होता. "आन् तू एवढी लुकडी झालीस? आवाज तर जाडाच हाय."

धुरात बसायचं नव्हतं म्हणून तिला घरी पाठवलंच नाही. आमच्या पुढच्या खोलीत, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खाटेवर तिचं अंथरूण घातलं. थेंबांच्या वेळा मी कागदावर लिहून भिंतीला लावल्या. त्याच्या शेजारी सम्यकच्या वेळा, दूध, नाचणीची पेज, झोप, किती ताप आला तर कुणाला फोन करायचा. सासूबाईंनी चष्मा लावून दोन्ही कागद वाचले. "ह्यात मी श्वास कधी घ्यायचा ते नाय लिहिलेलं," म्हणाल्या.

पहिल्या दिवशी सातच्या आधी निघताना मी दोनदा दारातून परत आले. सम्यक खाटेजवळ चटईवर होता आणि बानाबाई काळा चष्मा लावून त्याच्याकडं बघत होती. "जा गं," ती म्हणाली. "पोरगं एक हाय, आमी दोघी हाईत. उचलायचं तिनं, बगायचं मी." मी गेले. टमटममध्ये बसल्यापासून दुपारपर्यंत मी अकरा वेळा फोन केला. बाराव्या वेळेला कुणी उचललाच नाही. संध्याकाळी कळलं, सासूबाईंनी फोन पिठाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं होतं.

कामाचं काय सांगू? पुस्तकात मी छाटणीची आकृती काढली होती, मार्कही मिळाले होते. पहिल्या दिवशी शेजारच्या ओळींतल्या बाया पुढं निघून गेल्या आणि मी दहाव्या झाडापाशी, दोन फांद्या सारख्याच जाड दिसतात म्हणून उभी. हात उचलून खुडली ती नेमकी ठेवायची. आणि मधल्या कळीशी तर माझा हात दर वेळी थांबायचा. एवढी नीटस, पांढऱ्या टोकाची कळी, ती काढायची म्हणजे जिवावर यायचं. केसरबाई मागून ओरडायची, "ए बीएस्सी, तिला काय नाव ठिवायलीस? काढ!"

संध्याकाळी घरी आले की बानाबाई माझी शिकवणी घ्यायची. तुरीच्या वाळल्या काड्या जोडीनं माझ्या हातात द्यायची आणि मला डोळे मिटायला लावायची. "कंची जाड?" मी सांगायची. "चूक." परत. "चूक. नखानं नको धरू, पेरानं धर." आठवडाभर मी चुकत होते. मग एका संध्याकाळी ओळीनं सहा जोड्या बरोबर आल्या, आणि बानाबाई सासूबाईंना म्हणाली, "सत्यभामा, तुझ्या सुनेचं शिक्षान आता पुरं झालं बग." त्या महिन्यात माझी नखं हिरवी-काळी झाली, वजनाचा तक्ता उघडायला वेळ मिळाला नाही आणि सम्यकला दोन दात आले. दुसरा दात पहिल्यांदा दिसला तो बानाबाईला. ते तिनं टोळीतल्या प्रत्येकीला सांगितलंय.

महिना झाला, डॉक्टरांनी बघितलं, कामाला जायला हरकत नाही म्हणाले. टोळी त्या दिवशी आमच्याच शेडनेटमध्ये होती. बानाबाई पश्चिमेच्या कडेला गेली, आपल्या दोन ओळींशी. मीही मागं गेले. ती पहिल्या झाडापाशी वाकली. बेचक्यातलं चेपलेलं फळ तिनं बोटानं दाबून बघितलं. दुसऱ्या झाडाशी तेच. ती दोरी चुकलेली झाडं दिसली तेव्हा तिथं खाली बसलीच.

"हे मी केलं?"

"हो, मावशी."

"आन् तुमी कुनी बोलला नायत."

ती उठली. डबीसाठी कमरेला हात गेला, मग आठवलं असावं की डबी दगडावर आहे. मग एकेक फळ तिनं पिरगाळून काढायला सुरुवात केली. उशीर झाला होता, पण झाड मेलेलं नव्हतं. दोरी सोडवून तिनं दोन्ही झाडं सरळ केली, आपापल्या तारेला बांधली. फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत त्या दोन ओळींनी बाकीच्या ओळींची उंची गाठली नाही, पण छातीपर्यंत आल्या. परवाच्या तोडणीत त्यांतलं फळ हाताच्या मुठीत मावत नव्हतं. ती आता मधल्या ओळी घेते, उजेडातल्या. पुढच्या महिन्यात डावा डोळा आहे. तेव्हाही बदली मीच, हे केसरबाईनं न विचारता ठरवून टाकलंय. आणि सकाळची अंघोळ परत तिच्याकडं गेलीय. मी शेजारी उभी राहते, ती मला "बाजूला सर, उजेड आडवू नको" म्हणते.

हे सगळं लिहायला बसले ते मात्र दुसऱ्याच एका माणसासाठी.

बदलीच्या महिन्यात आम्ही गंगापूरच्या रस्त्यावरच्या एका शेडनेटमध्ये तीन वेळा गेलो. तिथं सोनाजी म्हणून एक म्हातारा दाराशी बसून तोडलेल्या मिरच्या निवडतो, चांगल्या एका क्रेटमध्ये, डागी दुसऱ्या. पहिल्या खेपेला मी बघितलं की डागी फळं चांगल्यांत जातायत. तिथले गडी त्याला हसत होते, "सोनाजीबाबा, चष्मा इकला का?" तोही त्यांच्याबरोबर हसत होता. दुसऱ्या खेपेला तो प्रत्येक मिरची डोळ्यांपाशी, अगदी पापणीला लागेल इतकी जवळ धरत होता. तिसऱ्या खेपेला मी त्याच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, बाबा, डोळे दाखवले का? म्हणाला, "मला समदं दिसतं, पोरी. फकस्त ऊन लई पडतं आताशी." मी मालकाला सांगितलं. "बघू," म्हणाला. दुसऱ्या दिवशी माझी बदली संपली. त्या शेडनेटवाल्यानं आता दुसरी टोळी लावलीय, त्यामुळं केसरबाईचंही तिकडं जाणं नाही. सोनाजीकडं फोन नाही. राजेंद्र एका रविवारी जाऊन आला, तर दार बंद होतं.

वाळूजहून गंगापूरकडं जाताना डाव्या हाताला, रस्त्यापासून थोडं आत, पांढऱ्या दाराचं शेडनेट आहे. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, तेव्हा तोडणी सुरू असते. मिरच्या घ्यायच्या निमित्तानं त्याच्याजवळ बसा. त्याला कुणी दवाखान्यात नेलं का, घरी कोण आहे, एवढं विचारा आणि मला कळवा. तो हसून विषय बदलायला बघेल. लगेच उठू नका.